वही ते पुस्तक: विदर्भातल्या खेड्यातून लिहिणाऱ्यांसाठी

घाटंजी, दर्यापूर, आर्वी किंवा मूलकडच्या एखाद्या गावात राहून कोणी कविता-कथा लिहायला लागलं, फेसबुकवर चार कविता टाकल्या, की महिन्या-दोन महिन्यांत एक फोन येतो. "तुमचं लिखाण फार छान आहे. आम्ही पुस्तक काढतो. तीस हजार भरा, शंभर प्रती घरपोच, आयएसबीएनसहित, प्रकाशन समारंभात सन्मानचिन्हही देऊ." ज्याच्या घरात आजवर कोणाचं नाव पुस्तकावर छापलं गेलेलं नाही, त्याला हा फोन म्हणजे दार उघडल्यासारखा वाटतो. वाटणारच. पण पैसे भरण्याआधी पुढच्या काही गोष्टी माहीत असल्या, तर तीस हजारही वाचतील आणि त्याहून मोलाची एक गोष्ट वाचेल. ती गोष्ट म्हणजे तुमचं पहिलं पुस्तक.

पहिलं पुस्तक एकदाच निघतं, आणि मराठीत त्यासाठी राखीव अशा काही संधी आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं पुस्तक अजून निघालेलं नाही अशांच्या संहिता तिच्यात मागवतात, तज्ज्ञ त्या वाचतात आणि निवडलेल्या संहितेच्या प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. संहिता साधारण जानेवारीत मागवल्या जातात. पानांची मर्यादा आणि सोबतची कागदपत्रं त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघायची, गेल्या वर्षीच्या अर्जावर विसंबायचं नाही. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. घाईघाईत छापलेलं, मुद्रितशोधन (छपाईआधी चुका शोधून दुरुस्त करणं) न झालेलं पुस्तक पहिलं म्हणून नोंदलं गेलं, की ही दारं बंद होतात. पुढे चांगलं पुस्तक लिहिलंत तरी ते दुसरं ठरतं.

छापणारा आणि प्रकाशक

प्रकाशक म्हणजे तुमच्या लिखाणावर स्वतःचा पैसा लावणारा माणूस. कागद, छपाई, मुखपृष्ठ, विक्री सगळं त्याच्या खिशातून होतं आणि विकलेल्या प्रतींवर तो तुम्हाला मानधन, म्हणजे रॉयल्टी देतो. मुद्रक म्हणजे तुमच्याकडून पैसे घेऊन प्रती छापून देणारा. दोन्ही धंदे सरळ आहेत. अडचण होते ती मधल्या प्रकारात. तो पैसे मुद्रकासारखे घेतो, पण करारात हक्क प्रकाशकासारखे लिहून घेतो. ओळखायची खूण सोपी आहे. त्याची कमाई वाचकाकडून होते की लेखकाकडून, ते बघा. शंभर लेखकांची शंभर पुस्तकं काढलेल्या संस्थेचं एकही पुस्तक अमरावतीच्या किंवा नागपूरच्या पुस्तकाच्या दुकानात दिसत नसेल, तर तिचे गिऱ्हाईक लेखकच आहेत.

शुल्क भरून निघणारे प्रातिनिधिक कवितासंग्रह आणि प्रवेश-फी घेऊन दिलेले राज्यस्तरीय पुरस्कार ह्याच जातीचे. त्यांनी तुमचं नुकसान होईलच असं नाही, पण चांगला संपादक परिचयपत्रात ती यादी बघून प्रभावित होत नाही, उलट सावध होतो.

मासिक आधी

पुस्तकाकडे जाणारा खात्रीचा रस्ता नियतकालिकांतून जातो. एक कथा छापून आली, की दोन गोष्टी होतात. एका अनोळखी संपादकाने ती वाचून पसंत केल्याचा पुरावा तुमच्या हाती येतो, आणि छापील पानावर स्वतःचं वाक्य कसं दिसतं ते तुम्हाला कळतं. सुरुवात जिल्ह्यातल्या दैनिकांच्या रविवार पुरवणीपासून करावी. विदर्भ साहित्य संघाची स्थापना 1923 साली अमरावतीत झाली, त्याचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे आणि 'युगवाणी' हे त्याचं मुखपत्र. संघाच्या शाखा गावोगावी आहेत. तालुक्याच्या शाखेत महिन्याची बैठक होत असेल, तर तिथे कथा वाचून दाखवा. ऐकणाऱ्याची चुळबुळ कोणत्या परिच्छेदाला सुरू होते ते बघा. तो परिच्छेद कापायचा.

मराठीत दिवाळी अंकांसारखी दुसरी संधी नाही. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने ही परंपरा सुरू केली, आणि आजही नव्या कथाकाराची पहिली मोठी कथा बहुतेक दिवाळी अंकातच येते. पण आपल्याकडे त्याची वेळ नेमकी आडवी येते. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो, म्हणून संपादकांना मजकूर जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवा असतो. जूनमध्ये इकडे पेरणी असते, पुढे डवरणं, निंदण, फवारणी. शेतकरी घरातला लेखक जुलैत रात्री दहाला वही उघडतो आणि अर्ध्या पानावर झोपतो. म्हणून हिशोब उलटा मांडायचा. तूर सोंगून झाली, कापसाची शेवटची वेचणी संपली, हरभरा घरी आला, की फेब्रुवारी ते एप्रिल पहिला खर्डा. मग तो पंधरा दिवस पेटीत ठेवायचा आणि पुन्हा काढून मे महिन्यात दुसरा खर्डा आणि टंकन. मृग लागायच्या आत कथा पाकिटात किंवा ईमेलात गेली पाहिजे. पाऊस पडल्यावर ती जात नाही.

पाठवताना काही साधे संकेत पाळावे लागतात. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. दोन अंकांत तीच कथा आली तर दोन्ही संपादक कायमचे नाराज होतात, आणि ते एकमेकांना ओळखतात. फेसबुकवर किंवा वाचनाच्या ॲपवर टाकलेली कथा अनेकजण पूर्वप्रसिद्ध धरतात, म्हणून अंकाला द्यायची कथा आधी कुठे टाकू नका. हस्तलिखित असेल तर कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, एका ओळीआड एक लिहा. प्रत्येक पानावर पानक्रमांक हवा, आणि नाव, पत्ता, मोबाइल नंबर पाकिटावर न लिहिता शेवटच्या पानावर. पाकीट उघडल्याबरोबर फेकलं जातं, कागद राहतो. झेरॉक्स पाठवा, मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा. सोबतचं पत्र आठ-दहा ओळींचं पुरे. त्यात कथेचं नाव, शब्दसंख्या, ती अप्रकाशित असल्याचं एक वाक्य, आणि तुम्ही कोण हे दोन ओळींत. कथा किती चांगली आहे ते पत्रात लिहू नये.

उत्तर न येणं हे नकाराचं सगळ्यात सामान्य रूप आहे. तीन महिन्यांनी एकदाच विचारावं. नकारासोबत संपादकाने तुमच्या कथेबद्दल एक नेमकं वाक्य लिहिलं असेल, उदाहरणार्थ 'शेवट सासऱ्याच्या तोंडून आल्यामुळे पडला', तर ते जपून ठेवा. त्या माणसाने कथा शेवटपर्यंत वाचली आहे. पुढची कथा आधी त्यालाच पाठवा.

मानधनाची फार आशा ठेवू नका. काही अंक देतात, बरेच फक्त अंकाची प्रत पाठवतात.

वऱ्हाडी लिहायची कशी

विदर्भातल्या लेखकाला पुण्या-मुंबईच्या लेखकापेक्षा एक काम जास्तीचं असतं. बोली कागदावर कशी उतरवायची ते त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. प्रमाण मराठीचे नियम छापलेले आहेत. साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार, असे लेखनाचे अठरा नियम, आणि मुद्रितशोधक त्यांवर काम करतो. वऱ्हाडीला किंवा झाडीबोलीला असा सर्वमान्य नियम नाही. म्हणून तो नियम तुमच्या पुस्तकापुरता तुम्ही करायचा.

त्यासाठी एक शब्दवही घाला. शंभर पानी साधी वही, अक्षरवार. कथा लिहिताना जो बोलीतला शब्द पहिल्यांदा आला, तो ज्या रूपात लिहिलात त्या रूपात तिथे टिपायचा: मले, तुले, काहून, आमाले, बलावलं, करून राह्यला. 'राह्यला' एकदा लिहिलंत तर पान 90 वर 'राहला' आणि पान 112 वर 'रायला' येता कामा नये. एकाच पात्राच्या तोंडी तीन रूपं आली, की वाचकाला ती बोली न वाटता छपाईची चूक वाटते. आजी 'माह्यं' म्हणते आणि शाळेत गेलेली नात 'माझं' म्हणते, असा फरक मुद्दाम केला असेल तर तोही वहीत लिहून ठेवा. पुस्तक छपाईला जाताना ह्या वहीची झेरॉक्स मुद्रितशोधकाला द्या. ती दिली नाही, तर तो त्याच्या कर्तव्याप्रमाणे तुमचं सगळं 'मले' 'मला' करून ठेवेल, आणि दोष त्याचा नसेल.

कठीण शब्दांची यादी शेवटी द्यायची तर लहान द्या. चाळीस-पन्नास शब्द भरपूर झाले. कंसात अर्थ देत गेलात तर संवाद मरतो. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 साली आली, तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात, आणि ती कादंबरी महाराष्ट्रभर वाचली गेली. वाचक संदर्भाने अर्थ लावतो, त्याच्यावर तेवढा भरवसा ठेवावा.

टंकनाच्या भानगडी

बोलीचं सगळ्यात जास्त नुकसान टंकनात होतं. मोबाइलवर बोलून टंकन करायची सोय आता सगळ्यांकडे आहे, आणि प्रमाण मराठीसाठी ती चांगली चालते. पण तुम्ही म्हणाल "मले काहून बलावलं?" आणि पडद्यावर उमटेल 'मला का बोलावलं'. यंत्राला जी भाषा जास्त ऐकवली गेली, त्या भाषेत ते तुमचं वाक्य ओढतं. म्हणून निवेदन बोलून टंका, संवाद हाताने टंका.

दुसरी अडचण फॉन्टची. तालुक्याच्या गावातल्या डीटीपी सेंटरमध्ये आजही बऱ्याच ठिकाणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम चालतं. त्यातली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं. म्हणून काम देतानाच सांगा की युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकून हवं. जुन्या फॉन्टमधलं आधीच टंकून झालं असेल तर ते युनिकोडमध्ये बदलता येतं, पण बदलल्यावर प्रत्येक पान वाचावंच लागतं. अवतरणचिन्हं, जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास बिघडतात.

आपल्या भागाचं नावच ह्यात अडकतं. 'वऱ्हाड' लिहायला आधी ऱ, त्याचा पाय मोडायचा, मग ह, असं टंकावं लागतं. साधा र घेतला की 'वर्हाड' होतं, म्हणजे रफार ह च्या डोक्यावर चढतो. 'शेतकऱ्याला'चं 'शेतकर्याला' होतं ते ह्याच कारणाने. मोबाइलच्या मराठी कळफलकावर र दाबून धरला की बहुधा ऱ वर येतो. पुस्तक तयार झाल्यावर शोधायच्या खिडकीत 'र्ह' आणि 'र्य' टाकून प्रत्येक जागा तपासा. 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' तसेच राहू द्या, 'दुसर्या' आणि 'वर्हाडी' दुरुस्त करा. ह्या एका शोधाने शेकडो चुका अर्ध्या तासात निघतात.

फाइल एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका. रोजच्या कामाच्या शेवटी स्वतःलाच ईमेल करा. प्रत सुरक्षित राहते, आणि कोणत्या तारखेला तुमच्याकडे काय होतं ह्याचा पुरावाही.

संहिता तयार आहे हे कळतं कसं

डेमी आकाराच्या, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच पानावर 250 च्या आसपास मराठी शब्द बसतात. चाळीस हजार शब्दांची कादंबरी म्हणजे 160 पानं. छपाई फॉर्मवर, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या 16 पानांच्या गठ्ठ्यावर चालते, म्हणून हे बरोबर दहा फॉर्म झाले. त्यात नामपान, हक्कपान, अर्पणपत्रिका, अनुक्रम अशी आठ पानं मिळवली, की 168, साडेदहा फॉर्म. हा हिशोब आधी माहीत असला तर शेवटी पाच पानं वाढल्यामुळे अख्खा अर्धा फॉर्म वाढतो आणि मागे कोरी पानं राहतात, ते टळतं. कवितासंग्रहाला 60 ते 70 कविता पुरतात. दोनशे कविता साठल्या असतील तर एकशे तीस-चाळीस वगळायच्या. ते काम स्वतः करू नये. ज्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, पण जो कविता वाचतो, अशा माणसाला द्यावं.

संपादन आणि मुद्रितशोधन ह्यांत गल्लत होऊ देऊ नका. संपादक विचारतो की सहावं प्रकरण का आहे. मुद्रितशोधक 'कि' चं 'की' करतो. आधी संपादन, मग मांडणी, मग मुद्रितं, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं. क्रम उलटला तर दुरुस्त केलेल्या पानांत नवे परिच्छेद घुसतात आणि सगळं पुन्हा तपासावं लागतं.

मुद्रितं तीनदा वाचायची, कागदावर. मोबाइलवर पीडीएफ वाचून पास केलेलं पुस्तक चुकांनी भरलेलं निघतं, कारण पडद्यावर डोळा शब्द पुरता वाचत नाही, ओळखून पुढे जातो. ए-फोर कागदावर प्रिंट काढा. पहिल्या वाचनात मूळ वहीशी ताडून बघा, शक्यतो दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावून. दुसऱ्या वेळी आधीच्या दुरुस्त्या झाल्या का ते बघा, आणि त्या ओळीच्या वरची-खालची ओळही बघा, कारण एक शब्द दुरुस्त करताना ऑपरेटरच्या हातून शेजारचा उडतो. तिसऱ्या वेळी मजकूर सोडून बाकी सगळं: पानक्रमांक, अनुक्रमणिकेतले आकडे, प्रकरणांची शीर्षकं, मुखपृष्ठावरचं नाव, आणि पाठीवरचं, म्हणजे कण्यावरचं नाव. पुस्तकाच्या नावातच चूक राहण्याचं प्रमाण वाटतं त्याहून जास्त आहे, कारण ते कोणी वाचतच नाही.

प्रकाशकाकडे

आधी पुस्तकाच्या दुकानात किंवा जिल्हा ग्रंथालयात जाऊन तुमच्यासारखी पुस्तकं कोण काढतं ते बघा आणि हक्कपानावरून पत्ते उतरवून घ्या. पाककृती आणि स्पर्धापरीक्षा छापणाऱ्याला कवितासंग्रह पाठवून उपयोग नाही. एकदम सगळी संहिता पाठवू नका. एक पानाचा गोषवारा, पहिली तीन प्रकरणं, एकूण शब्दसंख्या, आणि आधी कुठे काय छापून आलं त्याची यादी. गोषवाऱ्यात शेवट सांगायचा असतो. 'पुढे काय होतं ते वाचा' असं लिहिलं की प्रकाशक पान बाजूला ठेवतो. उत्तराला तीन ते सहा महिने लागतात.

करार

होकार आला की आनंदात सही करू नका. कराराची प्रत मागून घ्या, दोन दिवस घरी ठेवा आणि प्रत्येक कलम वाचा. तोंडी ठरलेलं काहीही धरू नका.

भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिखाणाचा हक्क लिहिल्या क्षणापासून लेखकाचा असतो, तो हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी करायची तर 500 रुपये शुल्कात ऑनलाइन होते, ती पुराव्याच्या कामी येते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. हक्क घेऊन एक वर्षात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास ते परत लेखकाकडे येतात. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' हे वाक्य करारात घुसवलं जातं. ते एक वाक्य कायद्याने तुम्हाला दिलेलं संरक्षण काढून घेतं. त्याच्या जागी लिहून घ्या: छापील मराठी आवृत्तीचा हक्क, पाच वर्षांसाठी. अनुवाद, ऑडिओ, नाटक, चित्रपट हे हक्क लेखकाकडे. पुस्तक बाजारात संपलं आणि ठरलेल्या महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही, तर हक्क परत.

रॉयल्टी साधारण दहा टक्के असते, पण कशाच्या दहा टक्के, ते बघायचं. 200 रुपयांचं पुस्तक, 500 प्रती विकल्या. छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे 20 रुपये, एकूण 10,000. विक्रेत्याला 40 टक्के सूट दिल्यानंतरच्या रकमेवर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे 12 रुपये, एकूण 6,000. दोन्ही करारांत 'दहा टक्के' असंच लिहिलेलं असतं. हिशोब वर्षातून कधी मिळणार, किती प्रती छापल्या हे लेखी कळवणार का, लेखकाला किती प्रती मोफत, हेही त्यात हवं.

आयएसबीएन म्हणजे हक्क, असा समज खेड्यापाड्यांत पक्का बसला आहे. तसं नाही. तो 13 आकड्यांचा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे, भारतातल्या पुस्तकांना 978-81 किंवा 978-93 ने सुरू होणारा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय एजन्सी तो ऑनलाइन, विनामूल्य देते. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. त्याच्यासाठी कोणी पाच हजार मागत असेल तर देऊ नका.

दुसऱ्याच्या ओळी वापरताना तेवढीच काळजी घ्यावी. विदर्भातल्या पुस्तकात सुरुवातीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाच्या ओळी घालायची रीत आहे. तुकडोजी महाराजांचं निर्वाण 1968 सालचं, म्हणजे 60 वर्षांच्या नियमाने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क 2028 च्या अखेरपर्यंत चालतो. ओळी घ्यायच्या तर परवानगी घ्या, आणि ती लेखी ठेवा. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या ओळींना कोणाची परवानगी लागत नाही, पण आजच्या अभ्यासकाने केलेला त्यांचा अर्थ त्या अभ्यासकाचा असतो.

गावातल्या खऱ्या माणसावर लिहिलं असेल तर नाव, आडनाव, धुऱ्याचं वर्णन, व्यंग, असं ओळख पटवणारं एकेक काढून बघा. कथा तरीही उभी राहते का? बहुतेक वेळा राहते, आणि भावकीतलं भांडण कोर्टापर्यंत जात नाही.

स्वतः काढायचं ठरवलं तर

चांगलं पुस्तकही प्रकाशकांकडून परत येतं, विशेषतः कवितासंग्रह. दोन वर्षं प्रयत्न करून स्वतः काढायचं ठरवलंत तर त्यात कमीपणा नाही. फक्त मग प्रकाशकाचा हिशोब तुम्हाला करावा लागतो. समजा टंकन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि छपाई धरून 300 प्रतींना 45,000 रुपये लागले. प्रतीमागे 150. किंमत 250 ठेवली आणि वितरकाने 45 टक्के सूट मागितली, तर तुमच्या हाती 137 रुपये 50 पैसे येतात. प्रत्येक विकलेल्या प्रतीवर साडेबारा रुपये तोटा. थेट वाचकाला दहा टक्के सवलतीत विकली तर 225 मिळतात, त्यातून टपाल. म्हणून थोड्या प्रती काढायच्या असतील तर विक्री हातोहातच करावी लागते. साहित्य संमेलन, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, शाळा-महाविद्यालयं, आणि गावोगावची सार्वजनिक वाचनालयं. राज्यात 1967 च्या कायद्यानुसार वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं आणि त्यातून ती पुस्तकं घेतात. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी निघते, तिच्यासाठी पुस्तक वेळेत पाठवा.

शंभर-दोनशे प्रती डिजिटल छपाईने काढाव्या, पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडतं. आतला कागद 70 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, मुखपृष्ठ 250 ते 300 जीएसएम, लॅमिनेशनसह. सगळ्या प्रती छापण्याआधी एक बांधलेली नमुना प्रत मागा. ती मधोमध उघडून टेबलावर दाबा, कणा तडकून पानं सुटली तर बांधणीचा गोंद कच्चा आहे. आतल्या बाजूचा समास कमी असेल तर ओळींची टोकं घडीत जातात, तेही ह्याच प्रतीत कळतं. काम झाल्यावर मुद्रकाकडून छपाईची पीडीएफ आणि मूळ खुली, म्हणजे बदल करता येणारी, फाइल दोन्ही ताब्यात घ्या. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी खुली फाइल नसली की टंकनाचा खर्च पुन्हा पडतो.

पुस्तक तुम्ही काढलं म्हणजे कायद्याने प्रकाशक तुम्ही. 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्याप्रमाणे प्रसिद्धीपासून 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. अनेकजण हे चुकवतात. पाठवा. गावच्या घरातल्या प्रती वाळवीने आणि पावसाने जातील, कोलकात्याची राहील.

नाटक लिहिणाऱ्यांचा रस्ता थोडा निराळा आहे. पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाट्यमंडळ्या वडसा-देसाईगंजात बसतात, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि गावोगावी रात्रभर प्रयोग होतात. तिथे संहिता छापून न जाता वाचून दाखवून जाते, आणि व्यवहार बराचसा तोंडी चालतो. प्रयोगाचा हक्क किती हंगामांसाठी दिला आणि प्रत्येक प्रयोगामागे किती, एवढ्या दोन ओळी तरी कागदावर घ्या, तारीख टाका आणि मंडळीच्या मालकाची सही घ्या. नाटकाचं पुस्तक काढायचा हक्क त्या कागदात देऊ नका, तो वेगळा आहे आणि तुमचाच आहे.